परिषद भवनाच्या पायऱ्या

बीदर, १९ जानेवारी १९८६

विद्यापीठाच्या परिषद भवनाचं आज उद्घाटन झालं. मंत्री कन्नडमध्ये बोलले, कुलगुरू इंग्रजीत, आणि दोघांनी एकच सांगितलं की हे भवन जितकं विद्यापीठाचं तितकंच गावाचं. टाळ्या पडल्या. गाव त्या वेळी फाटकाबाहेर उभं होतं. त्यात माझी भावजय नागूबाईही होती. दोन उन्हाळे तिनं या इमारतीवर सिमेंटची घमेली वाहिली. आत यायला तिच्याकडे पास नव्हता.

मला पास होता, कारण मी कॉलेजात इतिहास शिकवतो. बोलायला मात्र कुणी बोलावलं नाही. जयंती असो, परिनिर्वाण दिन असो, उदगीरपासून हुलसूरपर्यंत पिराजी सर, म्हणजे मी, आल्याशिवाय माईक सुरू होत नाही, आणि माझ्याच गावात मी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. वाजवल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून बसलो.

घरी येऊन सुमनला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "सैपाकघर कसंय म्हनं तिथलं?"

इतक्या वर्षांचा संसार, आणि हा प्रश्न.

२ फेब्रुवारी

पद्माचं लग्न ठरलं. पद्मा नागूबाईची मुलगी. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा ती पाळण्यात होती. बापाच्या जागी मीच. यंदा ती याच विद्यापीठातून एम.ए. होईल. मुलगा नरसिंग, ठाणाकुशनूरच्या शाळेत शिक्षक. मान खाली घालून बोलतो, पण वाचणारा आहे.

त्याच्याकडचे लोक म्हणाले, लग्न बीदरला करा. आमच्या गावात वरात मारुतीच्या देवळावरून न्यायची म्हटली की पोलीस बोलवावे लागतात. मी म्हणालो, मग पोलीस बोलवा. त्याच रस्त्यानं जायचं, आणि देवळासमोर थांबून जायचं. मी तिथं उभा राहून बोलेन.

पद्मा चहा देत होती. म्हणाली, "अण्णा, मला लगीन करायचंय. मोर्चा न्हाई काढायचा."

पाहुणे हसले. मी हसलो नाही. मोर्चे निघाले म्हणून ही मुलगी एम.ए.ला बसली आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. सांगितलं. चहा गार झाला.

१६ फेब्रुवारी

पद्माला घेऊन दिवसभर मंगल कार्यालयं पालथी घातली. पहिल्या ठिकाणी तारीख रिकामी होती. मग त्यानं माझं नाव विचारलं, मग गाव, मग वस्ती कोणती ते. आणि त्याला आठवलं की त्या दिवशी रंगकाम निघालं आहे. दुसरीकडे पाण्याची मोटार जळाली होती. तिसऱ्या ठिकाणी नोकर म्हणाला, मालक गाणगापूरला गेलेत. मालक आतल्या खोलीत पान लावत बसलेले मला दिसत होते. दत्ताच्या दर्शनाला गेलेला माणूस एवढ्या आरामात चुना लावताना मी पहिल्यांदाच पाहिला.

एकानंही "तुम्हाला देत नाही" असं म्हटलं नाही. तेवढी हिंमत असती तर मी त्याचा आदर केला असता. रंग, मोटार, गाणगापूर. सोवळ्यानं आता ही नवी वस्त्रं नेसली आहेत.

मी तिथंच दारात उभा राहून बोललो. रस्त्यावरचे लोक जमले. पद्मानं माझी बाही ओढली. परतताना म्हणाली, "विद्यापीठाचं भवन हाय की. गावाचंबी हाय म्हनले न्हाई का?"

हे माझ्या मनात आलंच होतं. ती आधी बोलली एवढंच.

२४ फेब्रुवारी

पद्माला घेऊन भवनाचे व्यवस्थापक गुरुलिंग यांना भेटलो. अर्ज तिच्या नावानं, ती इथली विद्यार्थिनी म्हणून. जाडजूड, अतिशय नम्र, गालात सुपारी. अशा नम्र माणसांची मला भीती वाटते. त्यांनी आम्हाला बसवलं, माठातलं पाणी स्वतः दिलं. सभ्यतेचं नाटक उत्तम जमतं त्यांना.

म्हणाले, "लग्नाला अजून कुणीच मागितलं न्हाई सर. तुम्हीच पहिले. मी वर विचारतो. नवीन कुलसचिव आलेत, त्यांना हळूहळू समजवावं लागतं. तवर तुम्ही काही बोलू नका."

मी उठून उभा राहिलो. "बोलू नका? हे वाक्य आम्ही दोन हजार वर्षं ऐकतोय."

"तसं न्हाई ओ सर."

"मग कसं?"

पुढचं सगळं इथं लिहीत नाही. आवाज बाहेर पायऱ्यांपर्यंत गेला असेल. जावाच. मी निघालो. पद्मा मागं राहिली, त्यांची माफी मागायला. कसली माफी, ते मला कळलं नाही.

२० मार्च

भवनाकडून अक्षर नाही. मी रोज रागानं उठतो आणि रागानं झोपतो.

घरात मात्र कुणाला काही वाटत नाही. सुमन, नागूबाई आणि पद्मा दर दोन दिवसांनी दुपारच्या भवनाकडे जाऊन येतात. स्वयंपाकघर बघायला, म्हणे. ज्या इमारतीचं दार आपल्यासाठी उघडलेलं नाही, तिच्या चुली मोजून काय करणार? आज सुमन म्हणाली की मोठं पातेलं तिथल्या चुलीवर बसतं, आणि गुरुलिंगांची बायको भालकीची आहे, कारळाची चटणी झकास करते.

"तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात?"

"त्या बोलावल्या, गेलो. कुलसचिवांच्या मंडळीबी आल्या होत्या. चहा घेतला."

आम्ही लढाईत उभे आणि घरची माणसं समोरच्या छावणीत चहा पिऊन येतात. मी जेवलो नाही. नंतर जेवलो.

१४ एप्रिल

जयंती. चौकात माणूस मावत नव्हतं. मी नेहमीचं भाषण बाजूला ठेवलं आणि फक्त परिषद भवनावर बोललो. म्हणालो, त्या भवनाची वीट आमच्या बायकांच्या डोक्यावरून गेली. आज त्याच डोक्यांना आत जायला मनाई आहे. म्हणालो, ज्या विद्यापीठाच्या पायऱ्या गावाला चढता येत नाहीत ते विद्यापीठ नव्हे, सरकारी खर्चानं बांधलेली गढी आहे. दिवे गेले तरी लोक उठले नाहीत. पुढची एक म्हातारी डोळे मिटून बसली होती. एकाग्रतेनं ऐकत असावी.

घसा बसला आहे. समाधान आहे.

१६ एप्रिल

भवन मिळालं.

चार मे, रविवार, सकाळचं सत्र. आज शिपाई निरोप घेऊन आला. जयंतीला मी बोललो, आणि दोन दिवसांत दार उघडलं. आता कुणी सांगू नये की शब्दांनी काही होत नाही.

मी हे बोललो तेव्हा सुमन तव्यावरची भाकरी उलटत होती. म्हणाली, "व्हय, तुमच्या भाषनानंच." पद्मा काहीतरी सांगणार होती, "अण्णा, ते तर मागच्याच महिन्यात…" असं काहीसं, पण सुमननं तिला डोळ्यांनी गप्प केलं. मुलीला आनंद आवरत नसावा.

संध्याकाळी गुरुलिंग स्वतः घरी आले. कॉफी घेतली, आमच्या कपात, ते मी पाहून ठेवलं. म्हणाले, "एकच विनंती आहे सर. दुपारी शेतकरी मेळावा आहे. हुलसूरकडची माणसं येतील, बायाबापड्या. त्यांचं जेवण त्याच स्वयंपाकघरात होणार. सकाळचं वेळेत उरकलं तर पुढच्या लग्नाला कुलसचिव न्हाई म्हणणार न्हाईत. ह्या एका लग्नावर सगळं आहे."

उरकलं. आमचं लग्न हे उरकायचं काम आहे, आणि विद्यापीठाचा मेळावा हा कार्यक्रम. हे लक्षात ठेवलं. चार मेला बोलेन.

३ मे

पूर्ण दिवस टिपणं काढली. आमच्या लग्नांत मंगल गाथेआधी वक्त्यानं बोलायची रीत आहे. छप्पन सालानंतर पडली. भटजी गेला, मुहूर्त गेला, आणि त्या रिकाम्या जागी विचार आला. या जिल्ह्यात ही रीत मी रुजवली. कित्येक लग्नांत माणसं जेवणासाठी चुळबुळतात हे मला दिसतं. भूक रोजचीच आहे. विचार रोज मिळत नाही.

आणि उद्याचं व्यासपीठ साधं नव्हे. ज्या सभागृहात मला बोलावलं नव्हतं, तिथं मी उभा राहणार. कुलसचिवही येणार आहेत म्हणतात.

पद्मा हळद न लावलेल्या कोऱ्या चेहऱ्यानं समोर येऊन बसली. "अण्णा, उद्या दोन शब्दच बोला बरं का."

"दोन शब्दच."

तिनं माझ्या टिपणांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि उठून गेली.

४ मे

झालं ते लिहून ठेवतो.

सकाळी सगळं ठीक होतं. आमच्या बायका पुढच्या दारानं आत गेल्या. नागूबाईनं उंबऱ्याशी वाकून फरशीवर हात ठेवला. मी विचारलं, काय करता? म्हणाली, "ही मीच घासली होती भाऊजी. कशी चकाकायलीय बघा." व्यासपीठावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर. पद्मा आणि नरसिंग पांढऱ्या कपड्यांत. कुलसचिव पहिल्या रांगेत, सपत्नीक. मागून बुंदीचा आणि वरणाच्या फोडणीचा वास येत होता.

मग मी उभा राहिलो.

मी आयुष्यात इतकं चांगलं बोललो नाही. रंगकामावर बोललो, मोटारीवर, गाणगापूरवर. शहराच्या एकेका बंद दारावर बोललो. जुन्या निजामी राजवटीत आमच्या बापजाद्यांना कचेरीच्या ओट्यावर बसू देत नसत, तिथून सुरू करून आजपर्यंत आलो. कुलसचिव उठून गेले. सत्य बोचतं. गुरुलिंग व्यासपीठाजवळ आले आणि दाराकडे हात करून काहीतरी खुणावू लागले. दुसऱ्यांदा आले तेव्हा हात जोडलेले होते. मी त्यांना माईकवरून नावानिशी फैलावर घेतलं.

तेवढ्यात दारावर थापा पडू लागल्या. मला वाटलं, शिपाई पाठवले. मी म्हणालो, "दार लावून घ्या. कडी घाला. ज्यांना आमचा आवाज सहन होत नाही त्यांनी बाहेर थांबावं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या थांबलो." तरुणांनी कडी घातली. टाळ्या पडल्या. थापा चालूच होत्या, मी आवाज चढवला.

आणि पद्मा उठली. मला वाटलं चक्कर आली. ती व्यासपीठावरून खाली उतरली, भर सभागृहातून सरळ दाराकडे चालत गेली, आणि तिनं कडी काढली.

बाहेरचं ऊन आत आलं. पायऱ्यांवर माणसंच माणसं. शेतकरी, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, कडेवर पोरं. मेळाव्याची माणसं. शिपाई एकही नव्हता. पुढं एक म्हातारी, खांद्यावर घोंगडी, थापा मारून लाल झालेला तळहात अजून वर धरलेला.

म्हातारी म्हणाली, "काय चाललंय गं आत?"

"लगीन हाय, मावशी."

"मग नवरी दारात कामून?"

कुणीतरी हसलं. मग सगळं सभागृह हसलं. आमची माणसं, माझी माणसं. पद्मा म्हणाली, "आत या, सावलीला बसा. आता होतंयच." आणि तिथूनच, माईक नसताना, माझ्याकडे वळून, "अण्णा, बसा आता."

इतक्या वर्षांत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. पोलीस निरीक्षकानंही म्हटलं नव्हतं.

मी टिपणांची घडी केली आणि आत येणाऱ्या गर्दीतून वाट काढत बाहेर आलो. पायऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. तिथं बसलो. आतून गाथा ऐकू आली, मग टाळ्या. फुलं टाकायला मी नव्हतो.

कुणी बोलवायला आलं नाही. नरसिंग आला होता, खरं म्हणजे. मान खाली घालून म्हणाला, "जेवायला चला." मी म्हणालो, "जा." तो गेला नाही, थोडा वेळ शेजारी उभा राहिला. मग गेला.

७ मे

घरात बोलणं बंद आहे. माझ्याकडून.

आज सुमननं ताट वाढता वाढता न विचारता सांगितलं. लग्न लागलं तोवर मेळाव्याच्या लोकांची जेवायची वेळ टळून गेली होती. भवनात जेवण मिळणार म्हणून कुणी भाकरी बांधून आणली नव्हती, आणि आपला स्वयंपाक निघाल्याशिवाय त्यांचा चुलीवर चढणार नव्हता. पोरं रडायला लागली. नागूबाई पातेल्याजवळ उभी होती. तिनं कुणाला विचारलं नाही, वाढायलाच घेतलं. वाढणारी कोण ते मेळाव्याच्या लोकांना कळलं. अर्धेअधिक उठून बाहेर झाडाखाली गेले. मग ती घोंगडीवाली म्हातारी, हुलसूरची भागाबाई, धनगराची, पुढं सरकली आणि म्हणाली, वाढ बाई, वरण जरा खालून घे. तिच्यामागं आणखी काहीजण बसले.

"खोटं," मी म्हणालो.

"गुरुलिंगअण्णाबी त्याच पंगतीत बसले."

"लिंगायत माणूस? आपल्या नागूच्या हातचं?"

"आमी काय खोटं बोलायलाव का?"

"मला का बोलावलं नाही?"

"नरसिंग आला होता की."

तीस वर्षं मी या पंगतीसाठी बोलतो आहे. गावोगाव. उन्हात, पेट्रोमॅक्सखाली, दगड खाऊन. आणि ती बसली तेव्हा मी भिंतीपलीकडे रागानं विड्या ओढत होतो. नरसिंगनं नीट का सांगितलं नाही? मान वर करून बोलायला काय होतं त्याला? सगळ्यांचा राग आला आहे.

१२ मे

अपेक्षेप्रमाणे. भवन समितीपुढं ठराव येणार आहे: यापुढं भवन फक्त विद्यापीठाच्या कामासाठी, लग्नकार्यं बंद. कारण म्हणे, चार मेचा प्रकार. निमित्त हवंच होतं त्यांना. मी समितीसमोर बोलेन. टिपणं सुरू केली आहेत.

२२ मे

समिती बसली. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. पद्मा सासरहून आली होती. गुरुलिंग दारात भेटले आणि म्हणाले, कुलसचिवांनी फक्त अर्जदाराला बोलावलंय. अर्जदार पद्मा. मी पद्माकडे पाहिलं. वाटलं, ती म्हणेल, अण्णांना घेतल्याशिवाय मी जाणार नाही.

ती म्हणाली, "अण्णा, सावली बघून बसा." आणि आत गेली. गुरुलिंग तिच्यामागं.

पुन्हा त्याच पायऱ्या. दगड तापलेला. वरच्या पायरीवर खांबाच्या सावलीत एक म्हातारी आधीच बसली होती. घोंगडी ओळखली मी. भागाबाई. नातवाचं लग्न बीदरला करायचंय, दारात मांडव मावत नाही, म्हणून हुलसूरहून भवन मागायला आली होती. तिची सगळी मदार आतल्या ठरावावर.

तिनं मला निरखून पाहिलं. "तुमीच व्हय ते बोलनारे?"

"हो."

"लई येळ बोल्लाव बाबा."

"ऐकलंत?"

"कुठलं? दार लावल्यालं. भुंग्यावानी आवाज यायचा नुसता."

मी राग गिळला. मला विचारायचं होतं, गेले पंधरा दिवस तेच विचारायचं होतं. म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही आमच्या पंगतीत जेवलात. मनात काही आलं नाही?"

"आलं की. माज्या सुनंच्या तर लई आलं, ती झाडाखाली जाऊन बसली. अजून बोलंना माज्याशी."

"मग? काय विचार केलात?"

"इचार कशाचा? भुकेनं डोळं फिरायलते." तिनं मला समजावून सांगितलं, मुलाला सांगतात तसं. "येळंवर झालं असतं तर कोन जेवलं असतं तुमच्यात? तुमी तुमचं खाऊन गेला असता, आमी आमचं. तुमी सोडंनात, म्हनून बसलाव. आता बसलाव तर बसलाव. वरण चांगलं हुतं."

मला संताप आला. कुणाचा ते धड सांगता येत नाही. इतकी वर्षं, इतके शब्द, आणि जे झालं त्यात माझा एक शब्दही या बाईच्या कानावर गेला नव्हता. मी उठलो. तिला सांगायला हवं होतं की पंगत भुकेनं बसत नसते, तिच्यामागं विचार असावा लागतो. मी तोंड उघडलं.

तिनं मांडीवरचं गाठोडं सोडलं होतं. "आज बांदून आनलीया. तुमचा काय भरवसा." आणि ज्वारीची अर्धी भाकरी मोडून, वर ठेचा ठेवून, माझ्यापुढं धरली.

मी तिच्या हाताकडे पाहत राहिलो. आमच्या आजीच्या ओंजळीत भाकरी वरून टाकत असत. या बाईनं वरून टाकली नाही. धरून ठेवली, मी घेईपर्यंत. घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिनं हात पदराला पुसला नाही. मी बघत होतो. मुद्दाम बघत होतो, पुसला असता तर बोलायला मला जागा मिळाली असती.

मी बसलो. पहिला घास मोठा घेतला, रागात घेतला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दार उघडलं. पद्मा बाहेर आली, मागं गुरुलिंग, आणि त्यांच्यामागं उंबऱ्यात कुलसचिव.

पद्मा म्हणाली, "अण्णा, भवन उघडं राहतंय. लग्नाला, सगळ्यांना. एकच अट घालायलेत. लग्नात भाषन न्हाई, कुनाचंच न्हाई. तुम्ही हो म्हनलाव तर ठराव मागं घेतो म्हनतेत. तुमचं विचारायलेत."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गुरुलिंगांनी पुन्हा हात जोडले होते. भागाबाईनं उरलेली अर्धी भाकरी मांडीवर तशीच ठेवली होती, तोडली नव्हती.

बोलायला खूप होतं. सगळं तयार होतं, खिशात टिपणं होती. पण तोंडात घास होता, आणि म्हातारी टक लावून बघत होती.

मी मान डोलावली.